चाळीस मिनिटं आधी बुडालेले घड्याळजी

घड्याळजी तळ्यात बुडाले, ही बातमी आमच्या गल्लीत मी पसरवली. आता लपवून काय उपयोग? पण एक खुलासा करते. मी फक्त "अजून आले नाहीत हो" एवढंच म्हटलं होतं. त्यांना बुडवलं बेकरीवाल्याने. औषधाच्या दुकानापर्यंत बातमी पोचेतो होडी उलटली होती, आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याला तर तरंगणारी टोपीसुद्धा दिसली होती. लाँड्रीवाल्याने जन्मात तळं पाहिलेलं नाही.

प्रत्यक्षात त्या घटकेला घड्याळजी काठापासून हाकेच्या अंतरावर शांतपणे वल्ही मारत होते. अंगावरचा शर्टसुद्धा कोरडा होता.

हे घड्याळजी म्हणजे आमचे समोरचे शेजारी. खाली दुकान, वर घर. दुकान कसलं, बोळच तो. एका बाजूला टेबल, त्यावर पांढरं कापड, कापडावर मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवलेले. डोळ्याला भिंग लावून बसले की आत आलेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलत नाहीत. भिंतीवरची तीस घड्याळं एकाच ठोक्याला वाजतात. वहिनी म्हणतात, "माझ्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण बारा वाजल्याशिवाय मला कुणी जेवायला बोलावलेलं नाही."

अशा माणसाने साठीनंतर होडी घेतली. लहानशी, दोन माणसांची. तीसुद्धा हौसेखातर नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठाला त्यांची अक्का राहते, एकटी, चौऱ्याहत्तर वर्षांची. रस्त्याने जायचं तर तळ्याला वळसा, तीन गाड्या बदला, दुकान तीन दिवस बंद. म्हणून भेट वर्षातून एकदा. पाण्यावरून सरळ गेलं तर तीन तास. "वर्षातून एकदाच जायचं म्हटलं तर तिच्या वाट्याला माझ्या भेटी उरल्या किती?" असं ते एकदा भिंग न काढता म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच चेष्टा सुचली नाही.

वहिनींनी अट घातली. "जा. पण एकदा जरी माझ्या पोटात गोळा आला, तर होडी विकायची. दुसऱ्या दिवशी."

घड्याळजींनी तयारीही घड्याळासारखीच केली. वर्षभर! सुरुवातीला जिन्याखाली स्टुलावर बसून दोन झाडू हातात धरून वल्ही मारायचे. (ही बातमी मी अर्ध्या तासात चौदा घरी पोचवली.) मग तळ्यावर जाऊन काठाकाठाने सराव. एकदा कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडीबाहेर पडले, आणि पुन्हा आत चढायला शिकले. सात वेळा. बचाव चौकीचा चौकीदार काठावर बसून पोट धरून हसत होता. तरंगायचं जाकीट ते घरातूनच घालून निघत. तळ्यापर्यंत नेणाऱ्या दुधाच्या गाडीत सगळ्या कॅनमध्ये हा एक नारिंगी कॅन. गळ्यात शिट्टी, एक जास्तीचं वल्हं, पाणी उपसायचा मग दोरीने बांधलेला, कोरडे कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात.

आणि कागद. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या हातात द्यायचे. कुठून निघणार, कुठल्या बाजूने जाणार, कधी येणार. का, तर त्या तळ्यावर मोबाइलला रेंज नाही, आणि अलीकडच्या काठाला चौकीशिवाय वस्ती नाही. मागे कुणाला तरी ठाऊक पाहिजे. तो कुणीतरी म्हणजे मी. माझी छाती फुगली. विश्वासाची जागा आहे, म्हटलं.

त्या बुधवारी पहिल्यांदाच पूर्ण तळं पार करायचं होतं. कागदावर शेवटची ओळ होती: दुपारी दोनपर्यंत चौकीवरून माझा फोन आला नाही, तर चौकीला फोन करा. मी तेवढीच ओळ वाचली. बाकीचं अक्षर फार बारीक होतं.

आता माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे असतं. आमचे हे कुठेही वेळेवर निघत नाहीत, म्हणून मीच ते पुढे करून ठेवलंय. मी स्वतः बघताना मनातल्या मनात चाळीस वजा करते. बारा वर्षं करतेय. त्या दिवशी मात्र सकाळपासून वारा सुटला होता, खिडक्या आपटत होत्या, काट्याने दोनाला हात लावला आणि माझ्या हातातलं लाटणं पडलं. वजाबाकी राहून गेली. चौकीला फोन केला, मग खिडकीतून बेकरीवाल्याला हाक मारली, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

चौकीदार मोटरबोट घेऊन सुटला. दोनशे हातांवर त्याला नारिंगी जाकीट दिसलं.

"घड्याळजी, तुम्हीच का?"

"मीच. काय झालं?"

"अहो, तुम्ही बुडालात!"

"कधी?"

"आत्ताच फोन आला."

घड्याळजींनी मनगटावर बघितलं. "आता एक पंचवीस झालेत. मग अजून पस्तीस मिनिटं आहेत माझी," म्हणाले, आणि वल्ही मारायला लागले.

इकडे वहिनींच्या पोटात गोळा आला होता. साधासुधा नाही, चांगला भोपळ्याएवढा. संध्याकाळी घड्याळजी घरी आले तेव्हा त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या. "होडी विकायची. चौकीदार घ्यायला तयार आहे."

घड्याळजी जाकिटाचे बंद सोडत राहिले. मी दाराआड. (दाराआड म्हणजे दारातच.) शेवटी मला राहवेना. मी कागद आणून वहिनींच्या हातात दिला आणि म्हटलं, "वहिनी, चूक माझ्या घड्याळाची. त्यांचं काय चुकलं ते यात बघा."

वहिनींनी चष्मा लावला आणि ते बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. साडेसातपर्यंत मधल्या खडकापाशी पोचलो नाही, तर परत फिरणार. वारा वाढला, तर जवळच्या काठाला लागून थांबणार, वारा पडल्यावर काठाकाठाने येणार.

"खडकापाशी कधी पोचलात?"

"पावणेआठला."

"अक्काचं घर दिसत होतं?"

"दिसत होतं. तिने खूण म्हणून दोरीवर लाल चादर टाकली होती. तीही दिसली."

"आणि फिरलात?"

"पंधरा मिनिटं उशीर होता ना. परत येताना वारा वाढला. मग लव्हाळ्यात होडी ओढून चार तास बसलो. थर्मासमधला चहा संपला."

वहिनींनी कागद नीट घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. "चादर दिसत असताना फिरला हा माणूस," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, जणू मीच भांडत होते. "राहू दे होडी. चौकीदाराला सांगा, नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले आणि घड्याळ बरोबर लावून गेले. तेव्हापासून आमचे हे सगळीकडे चाळीस मिनिटं उशिरा पोचतात. पुढच्या बुधवारी घड्याळजी सव्वासातलाच खडकापाशी होते. अक्काने म्हणे काठावरूनच झापलं, "आठवडाभर चादर वाळत घालून माझा हात दुखला!" आता ते महिन्यातून दोनदा जातात.

कागद अजूनही माझ्याकडेच येतो. परवा वहिनी माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, मला द्या ना तो. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तुम्ही हिला जीव सोपवता?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही.

"दुसऱ्या कुणाला दिला, तर तो आधी विचार करेल, मग चारचौघांना विचारेल, मग अजून थोडी वाट बघेल. ताईंनी मला चाळीस मिनिटं आधीच बुडवलं. बुडणाऱ्या माणसाला शेजारीण अशीच पाहिजे."