हॉर्न बॅटरी खातो

"आलो गो, आलो! बाजूला व्हा!"

शहापूरच्या बाजारात ही आरोळी ऐकू आली की समजायचं, काकांची लाईटवरची गाडी आली. एक हात स्टेअरिंगवर आणि मान खिडकीबाहेर. गाडीला आवाज नव्हता, म्हणून तो काका देत. हॉर्न होता, पण तो वाजवायचा नाही असा त्यांचा नेम होता.

"हॉर्न बॅटरी खातो," ते म्हणत.

माझं बाजारात विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी गाडी माझ्या दारात चार्जिंगला असे आणि काका माझ्या खुर्चीत. मी कितीदा सांगितलं, "काका, हॉर्नला लागते कितीशी?"

"शेठ, थेंबे थेंबे तळं साचतं ना? तसंच आटतं पण."

मी चहा सांगत असे.

वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर आठवेल. दोन दारांची, बुटकी. मागच्या सीटवर भाजीची पिशवी ऐसपैस बसे. माणूस बसवायचा तर त्याची घडी घालावी लागे. सीटखाली शिशाच्या जडशीळ बॅटऱ्या. कंपनी सांगे त्याच्या जेमतेम निम्मं अंतर ती जाई. "कंपनी सपाट रस्त्याचं सांगते. आपल्याकडं सपाट काय हाय?" असं म्हणून काका कंपनीला पाठीशी घालत.

त्या गाडीत बसायला एकच माणूस तयार नव्हतं, आणि नेमकी त्याच्यासाठीच ती घेतलेली. काकूंचं माहेर मुरबाडचं. जीपमध्ये कोंबून जाणाऱ्या बायकोला स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरवायचं, एवढीच काकांची हौस होती. काकूंची अट साधी होती. "आधी हॉर्न वाजवा, मंग बसते. भर बाजारात कोंबड्या हाकल्यावानी वरडता, मला लाज वाटते." शेवटी काकू जीपने जायच्या आणि काका गाडीने एकटेच मागून. सासुरवाडीला पोचले की सांगायचे, "बघा, हॉर्नबिगर आली."

मग काकूंच्या भाचीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी सगळ्या जीपा वऱ्हाडांनी अडवलेल्या, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. काकू लाडवांचे डबे मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. काकांनी माझ्या दुकानासमोर डोळे मिटले आणि हॉर्न वाजवला. मी स्वतः पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बकरं कापणाऱ्याचा चेहरा तसा होत असावा.

वाटेतली किन्हवली मागे गेली, आणि सरळगावात गाडी थांबली ती थांबलीच. मुरबाड हाकेवर राहिलं होतं.

"बघ! खाल्ली ना हॉर्ननं!" काका म्हणाले म्हणे.

मला विचाराल, तर बॅटरी काकूंनी आणि लाडवांच्या डब्यांनी मिळून खाल्ली होती. पण बायकोला असं सांगण्यापेक्षा हॉर्नला दोष देणं केव्हाही बरं. गाडी एका पिठाच्या गिरणीत चार्जिंगला लावली. दोघं मुरबाडला पोचली तेव्हा हळद लागून पंगती उठल्या होत्या.

आता काकू कायमच्या जीपने जाणार, असं मी धरून चाललो. तर पुढच्या बाजारी तीच आरोळी, आणि शेजारी काकू, पदर तोंडावर ओढून.

"माझ्यासाठी सरळगावपातूर वाजवत गेले," काकू मला म्हणाल्या. "पर दर टायमाला जीव तुटत व्हता त्यांचा. म्हटलं, ऱ्हाऊ द्या, तुमी वरडा."

पुढे कंपनी दुसऱ्या हातात गेली. नवं मॉडेल आलं, बॅटरी हलकी झाली, किंमत मात्र जड. त्या पैशात लोक पेट्रोलची मोठी गाडी घेऊन मोकळे झाले. मग कारखानाच बंद पडला आणि काकांच्या गाडीला बॅटऱ्या मिळेनात. ती पडवीत गेली, तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. काका मात्र माझ्या खुर्चीत येतच राहिले. रस्त्यावर मोठ्या कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या दिसू लागल्या तेव्हा म्हणाले, "आमची आधी आली, शेठ. स्टँडवर जो आधी येतो, त्यालाच जास्त उभं राहायला लागतं."

काका गेले. ती खुर्ची मी अजून आत घेतलेली नाही. दुपारी रिकामी दिसली की करमत नाही.

परवा तीच मुरबाडची भाची आत्याला न्यायला आली, स्वतःच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून. बाजारात ही गर्दी. गाडी मुकी, कुणी हलेना. भाचीने हॉर्नकडे हात नेला, तो काकूंनी वरच्यावर धरला.

"नको गो. बॅटरी खातो."

काच खाली झाली. पदर डोक्यावरून घसरला तरी काकूंना भान नव्हतं. त्यांनी मान बाहेर काढली. बाईमाणसाने 'आले' म्हणायचं; पण काकू ओरडल्या,

"आलो गो, आलो! बाजूला व्हा!"

आणि सगळा बाजार बाजूला झाला.