कापूस कोरडाच होता

उन्हाळ्यात घाम आला तर आमच्या वऱ्हाडात कोणी वळूनही पाहत नाही. मला घाम यायचा पौषाच्या थंडीत. सगळे कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसलेले आणि माझ्या कपाळावरून धार. शर्ट पाठीला चिकटलेला, बगलेपासून कमरेपर्यंत ओल. कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "माही बॉडीच गरम हाये." पाच-सहा वर्षं हे उत्तर मी इतक्या ठसक्यात दिलं की बऱ्याच जणांना ते पटलंही. बायकोला कधीच पटलं नाही. ती माझ्या बाजूच्या चादरीखाली जुना टॉवेल घालायची आणि सकाळी तो धुऊन तारेवर टाकायची. रोज एक टॉवेल. शेजारीण एकदा विचारून गेली, घरी कोणाचं तान्हं पोर आलंय का म्हणून.

मी दर्यापूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात ग्रेडर होतो. कापसाची गाडी आत आली की पहिला हात माझा. कोपरापर्यंत हात खुपसायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. कोरडा कापूस लगेच फुलून वर येतो, ओला तसाच गोळा होऊन बसतो. मग त्यातली एक सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर कोरडी, मऊ चेपली तर ओली. हात आणि दात, दोघांचीही साक्ष लागते. हे काम मी वीस वर्षं मान वर करून केलं. मी ओला म्हटलं की ओला, मग शेतकऱ्याला भाव कमी.

पुढे पुढे माझी दारू सकाळपासूनच सुरू व्हायची. वास लपवायला तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा भरलेल्या तोंडात सरकी कुठे चावणार? दाताची साक्ष मी गुपचूप बंद करून टाकली. उरला हात, आणि हात तर दिवसभर घामाने थबथबलेला.

त्या हिवाळ्यात एक म्हातारी आपल्या कापसाच्या ट्रॉलीवर बसून जिनिंगमध्ये आली. मी हात घातला, मूठ दाबली, उघडली. कापूस गोळा होऊन बसला होता.

"मावशी, ओला हाये."

"काहून ओला हाये? आठ दिवस आंगणात वायवला मी." ती ट्रॉलीवरून खाली उतरली. काही कळायच्या आत तिने माझं मनगट धरलं, तळवा उताणा केला आणि त्यावरून आपलं बोट फिरवलं. ते बोट तिने सगळ्यांना दाखवलं. "कापूस ओला नाई बाबू. तुहा हात ओला हाये."

वजनकाट्यावरच्या माणसाने तिच्याच ट्रॉलीतली एक सरकी उचलून चावली. कट्ट. दुसरी चावली. कट्ट. आवारात जेवढे होते तेवढे हसले.

मला लाज वाटली असं लिहायला हवं, पण आधी आला तो राग. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. मी त्या बाईला नको नको ते बोललो. तिचा कापूस ओला म्हणूनच उतरवायला लावला आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त प्यायलो. लाज नंतर आली. त्याआधी किती जणांचा कोरडा कापूस मी ओला ठरवला असेल, हा विचार डोक्यात शिरला आणि मग निघेचना. आजही निघालेला नाही.

आठवड्याभरात शेठजींनी ओलावा मोजायची मशीन आणली. मला मागे कापसाच्या बांधलेल्या गठाणींवर नंबर टाकायला पाठवलं.

मी दारू सोडली ती देवापुढे शपथ घेऊन वगैरे नाही. चिडून सोडली. कोणाला न विचारता, घरातच, एकदम. हा शुद्ध गाढवपणा होता. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की चहाचा कप धरवेना. घाम असा की अंगावर कोणी बादली उपडी केलीय. भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चाललेल्या मला दिसत होत्या आणि भिंतीवर एकही मुंगी नव्हती. बायकोने मला काळीपिवळी जीपमध्ये घातलं आणि अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आम्हा दोघांवरही बरसल्या. "इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायची नसते. जीव गेला असता."

त्यांनी मला ठेवून घेतलं, औषधं दिली. मी घामाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "दारूने तुमचं शरीर रोज दाबून ठेवलं होतं. तो दाब निघाला म्हणून ते उधळलंय. हळूहळू शांत होईल. पुन्हा प्यायलात तर पुन्हा हेच."

कंप गेला, मुंग्या गेल्या. घाम मात्र कमी होत होत बरेच दिवस रेंगाळला. चहाच्या टपरीवर कपाळ चमकलं की कोणीतरी डोळा मारायचं. "घेऊनच राह्यला ना अजून?" मी पीत होतो तेव्हा गरम बॉडी मान्य करणारी हीच शहाणी माणसं! मी खांद्यावरचा नॅपकिन काढून घरी ठेवला. घाम पुसणंच बंद केलं. "येते घाम. सोडल्याचा हाये. पाहून घ्या पोटभर." लपवायचं होतं तेव्हा खूप पुसला. आता कोणासाठी पुसू?

एका सकाळी दात घासताना पाहिलं तर तारेवर टॉवेल नव्हता.

"आज टॉवेल कुठी गेला?"

"कोणता टॉवेल?" बायको म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. मला तिथेच रडू आलं.

पुढचा हंगाम लागला तसा मी शेठजींकडे गेलो. "माही जागा द्या."

"मशीन हाये ना आता."

"मशीनच्या आधी मले सांगू द्या. चुकलो तर गठाणी हायेतच."

त्यांनी मानलं. शेतकऱ्यांनी मानलं नाही. "याचा हात नको, मशीनच लावा," असं माझ्या तोंडावर म्हणायचे. त्यांचं चूक नव्हतं, तरी मी जागा सोडली नाही. रोज गाडीजवळ उभा राहायचो, खर्रा नसलेलं रिकामं तोंड घेऊन.

जानेवारीत ती म्हातारी आली. मशीनवाला पुढे झाला, तिने त्याला थांबवलं. ट्रॉलीतला मूठभर कापूस काढला, माझ्या तळव्यावर ठेवला, माझी बोटं मिटवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरली. बराच वेळ. सगळं आवार बघत होतं. माझ्या कपाळावर थोडा घाम होता, तो मी असू दिला.

तिने माझी मूठ उघडली. कापूस फुलून वर आला.

"कोरडा हाये तुहा हात. घाल आता."

मी कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबून पाहिली, सरकी चावली. कट्ट.

"कोरडा हाये मावशी. अन् मागच्या सालीबी कोरडाच होता."

"मले मालूम होतं ते," ती म्हणाली. "लोकायले सांग."

मी तिच्या ट्रॉलीवर चढलो आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.