ग्लास कधीचा भरला

गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की आमचा कॉम्प्युटरचा क्लास होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. तो आतल्या खोलीत आहे, असं सर सांगत, आणि आतल्या खोलीला कायम कुलूप.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवालीचा काटा मी वाकून खालून बघते. सर पुण्याकडचे, बोलणं गुळगुळीत. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. खरंच मशीन असेल तर काहीतरी घरघर ऐकू येईल की नाही? मी दाराला कान लावून पाहिला. खालच्या दुकानातली कापड फाडल्याची टर्रटर्र तेवढी ऐकू आली.

आणि शिकवणं काय, तर खेळ! जोड्या पाडायच्या. एकाने कागदावर हुकूम लिहायचे, दुसऱ्याने मशीन व्हायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. मग दोघांनी मिळून चूक हुडकायची. यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात, असं सर सांगत. बाकीचे हसून हसून लोळायचे. मी मनात म्हणायचे, बाहेर बोर्ड कॉम्प्युटरचा आणि आत बालवाडी.

मला हसणं परवडत नव्हतं. उमरेडच्या मामांनी तिथल्या शाळेत माझ्यासाठी मास्तरणीची जागा धरून ठेवली होती. दसऱ्याला ते सोनं द्यायला येणार आणि हो की नाही ते ऐकूनच जाणार होते. "पोरगी विचार करून राहिली," असं सांगून बाबा त्यांना थोपवत होते. मी धड हो म्हटलं नव्हतं, धड नाही. क्लास खोटा असून उमरेड सोडलं तर घरात तोंड दाखवायची सोय नाही. आणि तो खरा असून उमरेडला गेले तर जन्मभर हळहळ.

खेळात माझ्या जोडीला काटोलकडचा एक मुलगा होता. एकदा मी लिहिलं : तांब्या उचल, ग्लासात थोडं पाणी ओत, पुन्हा ओत, ओतत राहा. तो ओतत राहिला आणि ग्लास काठोकाठ भरल्यावर थांबला. मी खूश, सर भडकले.

"का थांबलास?"

"ग्लास भरला ना सर."

"थांब असं लिहिलंय कुठे?"

"लिहाले कायले पाहिजे? दिसते ना. पाणी वाया जाते." त्याच्या गावात होळीनंतर विहिरीचा तळ दिसायचा. तो बिचारा दुसरं काय करणार?

सरांनी कपाळाला हात लावला. मशीन नसलं की माणसावरच खेकसायचं, मी मनात म्हटलं.

मग खंडेनवमीला मी डाव टाकला. खाली दुकानदाराने कात्री आणि कापड मोजायचा गज पूजेला मांडले होते. हत्यारांच्या पूजेला नाही कोण म्हणेल? झेंडूची फुलं, हळद-कुंकू आणि नारळ घेऊन मी सगळ्यांना वर आणलं. "सर, मशीनची पूजा करून टाकू. दार उघडा जी."

सर घुटमळले. सापडला, मला वाटलं. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली, चपला काढायला लावल्या आणि नारळ मात्र बाहेरच ठेवायला सांगितला.

मशीन होतं. टेबलावर, धुतलेल्या चादरीखाली. खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं.

"इतके दिवस दाखवलं काहून नाही?" मी विचारलं.

"दाखवलं असतं तर तुम्ही बटणंच दाबत बसला असता," सर म्हणाले. मग त्यांनी माझाच ग्लासाचा खेळ मशीनच्या भाषेत लिहून आत घातला. ग्लासात किती पाणी झालं, त्याचे आकडे पडद्यावर पळू लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आकडे चढतच गेले. हळूहळू टाळ्या थांबल्या, आकडे थांबेनात. सर हाताची घडी घालून उभे.

काटोलकडचा कासावीस झाला. "सर, ग्लास कधीचा भरला. थांबवा ना."

"तिनं कुठे सांगितलंय?" सर म्हणाले.

संशय घ्यायला आता सर उरले नव्हते. माझे हुकूम अर्धेच होते, आणि समोरचा भला होता म्हणून आजवर निभलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "मंग? काय ठरवलं वं?"

बाबांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "पोरगी अजून विचार..."

"मी उमरेडले येत नाही, मामाजी," मी म्हणाले. "मले मशीन शिकाचं आहे. अजून येत नाही, पण शिकीन. ते जागा दुसऱ्या कोणाले देऊन टाका."

मामांचा चेहरा पडला. सांभाळून घ्यायला बाबांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. या वेळी त्यांनी पुरं करावं असं मी काही ठेवलंच नव्हतं.