म्हणेकाका

आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभे असत त्या गृहस्थांना सगळे म्हणेकाका म्हणत. मला त्यांच्याविषयी काडीचा आदर नव्हता, आजही नाही. नालस्ती या शब्दाचा अर्थ मला शाळेत कळला नाही. तो कळला त्यांच्या शेजारी काउंटरवर बसून. माणसाच्या पाठीमागे त्याच्या नावाला काळं फासायचं आणि आपण नामानिराळं राहायचं, ही नालस्ती. काकांना त्यासाठी फार काही लागत नसे. वाक्याच्या शेपटीला एक 'म्हणे' पुरे. "डॉक्टरीणबाईंचं घरी पटत नाही म्हणे." "शिंप्याचा थोरला पितो म्हणे." कोणी हटकलं की कानांवर हात. "मी कुणाची नालस्ती करत नाही बुवा. ऐकलं ते सांगितलं!" कॉलरवर पाणी शिंपडावं तसं ते 'म्हणे' शिंपडत आणि वरून गरम इस्त्री फिरवत.

एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाचं चांदीचं बटण हरवलं. धुण्याआधी कोट रफूवाल्या बाईच्या हातात होता. ती खिडकीशी बसून असं रफू करायची, की फाटलं कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडत नसे. तिच्या कमाईवर आईचं औषधपाणी चाले. काका मालकांच्या कानाशी लागले, "हाताने जरा चोरटी आहे म्हणे." मालक हलक्या कानाचे. त्यांनी तिला दुपारीच घरी पाठवलं आणि बातमी तिच्या आधी गल्लीत पोचली. मग एकाही दुकानाने तिला दारात उभं केलं नाही.

पुढच्या आठवड्यात बटण मशिनच्या जाळीत सापडलं. मालकांनी वरमून तिला बोलावून घेतलं.

ती दारातच थांबली. "कामावर येते. पण माझं नाव आधी धुऊन द्या. काकांनी सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं, 'मी खोटं बोललो.'"

"अगं, एवढं काय मनावर घेतेस?" काका हसले. "लोक बोलत होते."

"कोण लोक? एकाचं तरी नाव सांगा."

नाव कुठून सांगणार, कपाळ!

"बोला हो," मालक म्हणाले. "तीन शब्द तर आहेत."

काकांनी कपाळ पुसलं. जन्मभर हाड नसलेली जीभ टाळ्याला चिकटली होती. शेवटी इस्त्रीकडे बघत ते पुटपुटले, "मी खोटं बोललो... म्हणे."

धुलाईवाला फिस्सकन हसला. ती हसली नाही. खिडकीतली आपली कात्री तिनं पिशवीत टाकली आणि ती निघून गेली.