हद्दीवरची दरड

रोकाफोस्का या डोंगरावरच्या गावात माणसं एकेचाळीस, आणि नगरपालिकेत कारकून एकटी इसोलिना. नोव्हेंबरच्या पावसात डोंगर सुटला, समुद्राकडे उतरणारा एकुलता एक रस्ता ऑलिव्हच्या झाडांसकट गाडला गेला. तिचा नवरा बाल्दो आठवड्यातून तीनदा किनाऱ्यावरच्या इस्पितळात डायलिसिसला जायचा.

शेजाऱ्यांनी त्याला खुर्चीला बांधून खेचरांच्या जुन्या वाटेनं उतरवलं. दुसऱ्या खेपेला तो वाटेतच बेशुद्ध पडला.

इसोलिना पायी उतरून प्रांताच्या कचेरीत गेली. "दरड खालच्या गावच्या हद्दीत आहे, बाई," अधिकारी म्हणाला. खालच्या गावानं सांगितलं, "रस्ता प्रांताचा. आम्ही फावडं लावलं तर आमच्यावरच गुन्हा." ती पुन्हा कचेरीत गेली. अधिकाऱ्यानं मान वर न करताच विचारलं, "नवऱ्याला खालीच का ठेवत नाही?"

"कुठे ठेवू? तुमच्या टेबलावर?"

तीन आठवडे असेच गेले. डायलिसिस चुकत गेलं आणि बाल्दोचे पाय सुजून खांबासारखे झाले. "पुरे झालं गं," तो म्हणायला लागला, "आता नको नेऊ मला." ती त्याच्यावर ओरडली, मग बाहेर जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुना नकाशा काढला. दोन गावांची हद्द म्हणजे मधला ओढा. दरडीनं तो ओढाच ढकलून खाली नेला होता. "ओढा सरकला म्हणजे हद्द सरकली," ती नगराध्यक्ष तार्चिझिओला म्हणाली. "दरड आता आपल्या हद्दीत. आपणच उपसू."

"असं कुठे असतं? नोकरी जाईल तुझी. तुरुंगातही जाशील."

"जाईन. तिथवर रस्ता तरी असेल."

तिनं नकाशावर हद्दीची नवी रेघ ओढली आणि म्हाताऱ्या नगराध्यक्षानं तिच्याखाली सही केली. चौदा माणसं आणि एक खटारा ट्रॅक्टर आठ दिवस राबले. एका गाडीपुरती वाट निघाली.

बाल्दो खाली पोचला, पण हृदय थकलं होतं. जानेवारीत तो गेला.

फेब्रुवारीत प्रांताचा चौकशी अधिकारी त्याच वाटेनं मोटारीतून वर आला. नकाशात फेरफार केल्याबद्दल तिला निलंबित केलं.

"पश्चात्ताप होतो का?" त्यानं विचारलं.

"होतो. तीन आठवडे तुमच्या दारात घालवले त्याचा."

तिनं नगरपालिकेच्या चाव्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि ती घरी गेली. घरात आता तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.