बाळंतिणीसाठी मोरी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा आम्ही निपाणीत राहत होतो. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. त्या तंबाखूच्या वखारीत कामाला जात. बाजारात मालवणकडची मासळी बर्फात घालून आली, की आत्ती माझ्यासाठी हटकून मोरी आणायच्या. मोरी म्हणजे शार्कचीच जात. खोबरं-लसूण भाजून वाटलेल्या त्या कालवणाचा वास गल्लीभर जायचा. "खा पोरी, बाळंत झाल्यावर हिनं दूध लई येतंय," म्हणत त्या वाढत राहायच्या.

तपासणीला आम्ही दोघी बेळगावला, कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंकडे जायचो. काय खातेस, असं त्यांनी विचारलं. आत्तींनीच कौतुकानं सांगितलं. बाईंनी टेबलावरचा थर्मामीटर उचलला.

"ह्यातला हा पारा. कारखान्यांच्या सांडपाण्यातून तो समुद्रात जातो. तिथून लहान माशात, आणि लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो. जपानात अशानं आया बऱ्या दिसल्या नि मुलं अधू जन्मली. मोरी नको. तारली, मांदेली असली बारकी मासळी खुशाल खा."

परतीच्या बसमध्ये संकेश्वर आल्यावर आत्ती म्हणाल्या, "म्या इतकं दिस तुला ईखच चारलं काय गं?"

"न्हाय वो आत्ती," मी म्हटलं, पण धास्ती मलाही होतीच.

दुसऱ्या दिवशी वखारीत खाडा करून त्या मला नगरपालिकेत घेऊन गेल्या. तिथल्या आरोग्य निरीक्षकांना त्यांनी थेट विचारलं, "मासळीतला पारा कोण बघतंय?"

माणूस सरळ होता. "कागदावर नियम हाय, आक्का. आमी कल्ले बघतो, वास घेतो, सडकं असलं तर फेकून देतो. पाऱ्याला प्रयोगशाळा लागतीया. ती हितं न्हाय."

"म्हंजे वास न्हाय, रंग न्हाय, आन् बघणारं बी कोन न्हाय," आत्ती म्हणाल्या. "मग आमचं आमीच बघू."

त्या दिवसापासून घरात मोरी आली नाही. वखारीतल्या पोटुशी पोरींनाही त्या सांगत सुटल्या. काही हसल्या, काहींनी ऐकलं. मला मुलगी झाली, धडधाकट. तरी ती वर्षाची होऊन पहिलं पाऊल टाकेपर्यंत आत्ती तिच्याकडे टक लावून बघत बसायच्या.

त्या मोरीत पारा होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही. आठवतात त्या परसात उकिडव्या बसून बोटाएवढ्या तारल्या साफ करणाऱ्या आत्ती, पदर खोचलेल्या, आणि त्यांच्या मनगटाला चिकटलेले चमचमते खवले.