आठ माणसांची ऊब

शशिधर वर्तक आमच्या शेजारी राहायचे, लंडनजवळ क्रॉयडनला. भिंतीला भिंत लागून घर. भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळायचं. त्यांची बायको रश्मी होती तेव्हा तीन व्हायच्या. २००३ मध्ये ती गेली आणि कुकर बंदच झाला. टोस्टरचा तेवढा खट्ट आवाज यायचा.

माणूस मूळचा पुण्याचा, शिकून आर्किटेक्ट. तीस वर्षं इथल्या ऑफिसांत दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढले. रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना त्यांच्या ऑफिसकडे एक विचित्र काम आलं. स्कॉटलंडच्या डोंगरात एका स्की क्लबला केबिन हवी होती. वीज नाही, पाइप नाही, वारा असा की उभा माणूस आडवा होईल. ऑफिसात कोणी हात लावेना. वर्तकांनी लावला.

मग काय, दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरायचे. मी पोळ्या लाटत असायची आणि हे पिठातच पेन्सिल ठेवायचे.

"अनुराधाबाई, माणूस म्हणजे काय माहितीये? शंभर वॉटचा दिवा. नुसता बसला तरी तेवढी उष्णता देतो."

"आमचा संजय चाळीसचाच आहे," मी म्हणायची. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने.

पण त्यांची कल्पना खरंच सुंदर होती. भिंतींत हातभर जाड मेंढीची लोकर, तिहेरी काचा, बाहेर बर्फाचे बूट काढायला छोटी पडवी, आणि आत एकच खोली. भिंतीलगत बाकांसारखे पलंग, मधे टेबल. छोटी चूल फक्त स्वयंपाकापुरती, कारण लाकूड खालून वाहून न्यायचं. बाकीची ऊब माणसांचीच. आठ माणसं, आठशे वॉट. नकाशात त्यांनी टेबलाभोवती आठ छोटी माणसं काढली होती, एकाच्या हातात तर पत्ते होते.

क्लबच्या सेक्रेटरीबाईंचं पत्र आलं. सगळं आवडलं, पण एक शंका. आमचे बरेच मेंबर एकटेच जातात, तेव्हा एका माणसाला किती तापमान मिळेल?

वर्तक हसले. "डोंगरात एकटं कोण जातं हो? आम्ही सिंहगडावर निघालो की गल्ली रिकामी व्हायची."

मी चिडले. "अहो, तीन वर्षं एकटे राहताय तुम्ही! आणि एकट्याचंच गणित विसरलात?"

ते नकाशाची गुंडाळी करत म्हणाले, "मी घरात स्वतःला मोजतच नाही हो."

मी तव्यावरची पोळी उलटली.

केबिन बांधून झाली. २००७ च्या फेब्रुवारीत, उद्घाटनाच्या आधी, वर्तकांनी तिथे शनिवार-रविवार राहून तापमानाची नोंद करायची असं ठरलं. माणूस हरखून गेला. मुलगी ईशिता कार्डिफला डॉक्टर. इथेच जन्मलेली, लाघवी पोरगी, पण आई गेल्यापासून घरी यायची ती तासाभरासाठी, कोट न काढता. आईच्या खुर्चीकडे बघायला नको म्हणून असेल. वर्तकांनी तिला मैत्रिणींसकट बोलावलं. "मी केलेल्या घरात ती दोन दिवस माझ्याबरोबर राहील," एवढंच ते मला दहादा सांगत होते. ती हो म्हणाली होती.

त्यांनी आम्हालाही बोलावलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा बरा होता, थंडीचा कंटाळा होता. त्याची मला आजही लाज वाटते.

आठ जणांच्या खिचडीचं सामान, मेतकूट, आठ चमचे असं घेऊन ते स्कॉटलंडला निघाले. अ‍ॅव्हिमोर स्टेशनवर उतरले आणि फोन वाजला.

"बाबा, सो सॉरी. वॉर्डवर दोन जण सिक आहे. माझी शिफ्ट बदलला नाही. मी येणार होती, रिअली."

"असू दे गं. पेशंट आधी," ते म्हणाले. क्लबच्या जीपने त्यांना वर सोडलं आणि जीप खाली गेली.

बाहेर उणे सहा. आत पाच. ठरल्याप्रमाणे त्यांनी चूल फक्त खिचडीपुरती पेटवली आणि टेबलाशी बसले. पारा अकरापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. दुपार सरली, अकरा. काचेबाहेर उजेड गेला, अकरा. लाकूड कोपऱ्यात रचलेलं होतं, पण नियम त्यांचाच. कोट, टोपी, हातमोजे घालून त्यांनी फॉर्म भरला. माणसं: एक. तापमान: अकरा. निकाल: नापास.

परत आल्यावर हे सगळं त्यांनी मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

मग त्यांनी दुरुस्ती केली. चुलीच्या मागे भिंतीत एक कपाटासारखा पलंग, आतून लोकर, पुढे सरकती दारं. एका माणसाच्या अंगानेच तापेल एवढाच. नकाशावर सवयीने लिहिलं, कोनाडा. सेक्रेटरीबाई खूश, त्यांची आजी म्हणे असल्याच बंद पलंगात झोपायची. सुताराने त्या शब्दाची इंग्रजी अक्षरांत पाटीही केली, आणि निम्म्या मेंबरांना वाटलं की हा कॅनडातला प्रकार आहे.

पुढल्या वर्षी डिसेंबरात, रविवारी, वर्तक माझ्याकडे चहाला बसले असताना ईशिताचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, गेस व्हॉट! आम्ही तुमचा केबिनमध्ये गेलो होतो! वीकेंडला. इतका वॉर्म होता, आम्ही सगळ्यांनी कोट काढले!"

वर्तक खुर्चीत सरळ झाले. "किती जण होतात?"

"एट."

"आणि कोनाड्यात कोण झोपलं?"

"तिथे? कोणीच नाही. तिथे आम्ही बॅगा ठेवला."

"छान," ते म्हणाले. "छान केलंत."

ती लगेच येते म्हणाली, ख्रिसमसनंतर, नक्की. फोन बंद झाला.

"गणित बरोबर होतं, अनुराधाबाई," ते म्हणाले. "आठ जणांत ऊब येते."

माझ्या स्वयंपाकघरात हीटर चालू होता, ओव्हनही. तरी त्यांनी कोट काढला नव्हता. मी पोळ्या तशाच टाकून त्यांच्यासमोर बसले. दोनशे वॉट झाले. तेवढ्याने काय होतंय.